वजन जास्त असताना पळायला लागले की नडगी का दुखते?

पळायला लागून दोन-अडीच आठवडे झालेले असतात. धाप पूर्वीसारखी लागत नाही, सोसायटीच्या फाटकापाशीच थांबणारा माणूस आता चौकापर्यंत जाऊन येतो, आणि नेमक्या अशाच एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूने बोथट ठणका उठतो. चार पावले चालले की तो विरतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पळताना पहिला अर्धा किलोमीटर तो जाणवतो, अंग गरम झाले की जातो आणि संध्याकाळी जिना उतरताना पुन्हा येतो. पुढच्या आठवड्यात तो मध्ये विरायचेही सोडून देतो. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ९६ किलो वजन घेऊन पळायला सुरुवात केली तेव्हा हा सगळा क्रम मी अनुभवला आणि ‘पळत राहा, आपोआप मोकळे होईल’ हा मैदानावरचा सल्ला मानून दुखणे अंगावर काढले. तीन आठवड्यांत आवरले असते त्या दुखण्यासाठी मला चार महिने थांबावे लागले. त्या चार महिन्यांत जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या पायावर तपासून पाहिले, ते इथे सविस्तर मांडतो आहे.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले या दुखण्याला ‘शिन पेन’ म्हणतात. १६०० मीटरच्या तयारीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या या मुलांना ते चांगलेच ठाऊक असते. डॉक्टर त्याला शिन स्प्लिंट्स म्हणतात आणि कागदावर लिहिताना मेडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम असे लिहितात. सैन्यात नव्याने भरती झालेले जवान, नर्तक, लंगडी-कबड्डीचे खेळाडू, सोसायटीच्या सिमेंटच्या कोर्टवर बॅडमिंटन सुरू केलेली मंडळी आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी गणपतीनंतर सराव सुरू करणारे हजारो हौशी धावपटू या सर्वांना ते होऊ शकते. वजन जास्त असलेल्याला ते होण्याची शक्यता अधिक असते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. मात्र ‘वजन जास्त, म्हणून दुखते’ एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही, आणि तिथेच थांबल्यामुळे अनेक जण खेळच सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अंगठ्याने ओळखावे असे हाड

खुर्चीत बसून एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि घोट्याच्या आतल्या उंचवट्यापासून अंगठा हळूहळू वर सरकवत न्यावा. कातडीखाली लगेच हाडाची कड लागते; तिच्या पुढे सपाट हाड असते आणि मागे पोटरीचे मांस सुरू होते. हाड आणि मांस यांच्या या सीमेवर, घोट्यापासून चार बोटे वर गेल्यावर हुळहुळे लागायला लागले आणि ते निदान ५ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात, बहुधा त्याहूनही लांब, सलग लागत राहिले, तर हे दुखणे शिन स्प्लिंट्सचे असण्याची शक्यता मोठी असते. दुखणाऱ्या जागेची ही लांबी फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे असतात. त्यांतले बाहेरच्या बाजूचे बारीक हाड शरीराचा थोडासाच भार घेते आणि जवळपास सगळा भार आतल्या जाड हाडावर, म्हणजे नडगीच्या हाडावर येतो. हे हाड वर गुडघ्यापाशी रुंद असते, खाली घोट्यापाशीही थोडे पसरते, पण मधला भाग संपून खालचा तिसरा हिस्सा सुरू होतो तिथे ते सर्वांत अरुंद असते. पाऊल जमिनीवर आदळते तेव्हा हे हाड डोळ्यांना दिसणार नाही इतके किंचित वाकते आणि पाऊल उचलले की पुन्हा सरळ होते. वाकण्याचा हा ताण आतल्या कडेवर एकवटतो. त्याच कडेच्या आसपास पोटरीचा आतला चपटा स्नायू, ज्याला सोलिअस म्हणतात, आणि पायाची बोटे व तळव्याची कमान सावरणारे इतर स्नायू आपली वेष्टने घेऊन चिकटलेले असतात. ते प्रत्येक पावलाला हाडावरच्या पातळ आवरणाला ओढतात. दुखणे मुख्यतः या ओढीमुळे होते की हाडाच्या वाकण्यामुळे, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. अलीकडे कल हाडाकडे झुकलेला आहे, आणि व्यवहारात दोन्हींवर उपाय एकच निघतो.

भाराचा हिशेब आणि हाडाचे कॅलेंडर

चालताना एक पाऊल कायम जमिनीवर असते, त्यामुळे पायावर येणारा भार शरीराच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त असतो. पळताना मात्र दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि मग सगळे शरीर एका पायावर उतरते, म्हणून जमिनीकडून पायाला मिळणारा प्रतिसाद वजनाच्या दोन ते तीन पट होतो. मधला आकडा अडीचपट धरू. ६५ किलोच्या माणसाच्या पायावर दर पावलाला सुमारे १६२ किलोचा भार येतो, तर ९५ किलोच्या माणसाच्या पायावर सुमारे २३७ किलोचा. मिनिटाला १६० पावले या गतीने अर्धा तास पळाले की एका पायाची २४०० पावले होतात. दर पावलाला ७५ किलोचा फरक धरला, तर अर्ध्या तासात एका नडगीने १८० टन जादा भार झेललेला असतो. हा हिशेब ढोबळ आहे, आणि स्नायूंची ओढ मिळवली तर हाडावर प्रत्यक्ष येणारा भार याहूनही कितीतरी मोठा असतो. पण ‘मित्र पळतो तेवढेच मीही पळालो, मग मलाच का दुखते’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे.

उरलेले निम्मे उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. हाड म्हणजे निर्जीव खांब, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते जिवंत असते आणि पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवते, ही गोष्ट जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली सविस्तर मांडली. टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेले आढळते, ते यामुळेच. पण हाड मजबूत होण्याची रीत थोडी विचित्र आहे. भार वाढला की आधी काही पेशी जुने, थकलेले हाड खणून काढतात. हे काम काही आठवडे चालते. मग दुसऱ्या पेशी त्या खड्ड्यांत नवे हाड भरतात आणि ते पक्के होण्यास महिने लागतात. म्हणजे सराव सुरू झाल्यावर काही काळ हाड पूर्वीपेक्षाही थोडे पोकळ असते. रस्त्याचे काम सुरू असताना तोच रस्ता काही दिवस जास्त खराब असतो, तसाच हा प्रकार आहे, आणि आपण नेमकी त्याच दिवसांत त्यावरून जड वाहने नेतो.

तसे का होते? कारण शरीराचे बाकीचे भाग भराभर शिकतात. हृदय आणि फुप्फुसे दोन-तीन आठवड्यांतच सुधारणा दाखवू लागतात, स्नायू दीड-दोन महिन्यांत बळावतात, आणि उत्साह तर पहिल्या दिवसापासूनच जोरात असतो. दमसास वाढला म्हणून माणूस २ किलोमीटरचे ४ करतो, आठवड्यातून तीनदाऐवजी पाचदा पळतो, आणि हाड अजून पहिल्याच आठवड्याचे खोदकाम करत असते. नडगी बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच का दुखते आणि ‘आता कुठे जमायला लागले होते’ असे प्रत्येक जण का म्हणतो, ते यातून समजते.

वजनदार माणसांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे ९५ किलो वाहून नेणारे हाड कमकुवत नसते. जास्त वजनाच्या माणसांच्या हाडांची घनता साधारणपणे जास्तच आढळते. ते हाड ९५ किलोंनिशी चालायला सरावलेले असते. चालण्याच्या आणि पळण्याच्या भारातली पायरी मात्र वजनदार माणसाला अधिक उंच पडते, आणि ती एका आठवड्यात चढायला गेले की दुखणे येते. वजन महिनाभरात आपल्या हाती येत नाही. पायरी किती उंच ठेवायची हे उद्या सकाळपासून आपल्या हाती असते. माझ्या मते या संपूर्ण विषयातले सर्वांत उपयोगाचे वाक्य हेच आहे.

वजनाखेरीज आणखी काही गोष्टी जोखीम वाढवतात. तळव्याची कमान उभे राहिल्यावर जास्त खाली बसणे, म्हणजे सपाट पाऊल, ही एक. यापूर्वी एकदा हेच दुखणे झालेले असणे ही दुसरी, आणि ती फार बळकट आहे. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळते. आणि पळण्याचा पूर्वीचा अनुभव नसणे तर आपल्याकडे गृहीतच असते, कारण शाळेनंतर वीस वर्षे आपण फक्त बस पकडण्यासाठी धावलेलो असतो.

कोणते दुखणे थांबून डॉक्टरांना दाखवावे

आता पुन्हा अंगठ्याकडे येऊ. दुखणे लांब पट्ट्यात पसरलेले नसून एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी असेल, तिथे दाबल्यावर माणूस दचकत असेल, रात्री झोपेतही ठणका जाणवत असेल, साधे चालतानाही कळ येत असेल किंवा त्या पायावर एक उडी मारणे अशक्य होत असेल, तर हाडाला केसासारखी बारीक चीर गेल्याचा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरचा, संशय घ्यायला हवा. अशा वेळी पळणे त्याच दिवशी थांबवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही चीर पुष्कळदा दिसतच नाही, त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये; एमआरआयमध्ये ती लवकर कळते. नडगीच्या अगदी पुढच्या, आपण ठेच लागली की चोळतो त्या बाजूच्या मधोमध अशी दुखरी जागा असेल, तर विशेष काळजी घ्यावी, कारण तिथली चीर भरून यायला फार वेळ घेते आणि तिचे रूपांतर पूर्ण फ्रॅक्चरमध्ये होण्याचा धोका जास्त असतो.

दुसरा प्रकार वेगळाच वागतो. पळायला लागल्यावर दर वेळी साधारण तितक्याच मिनिटांनी पोटरी किंवा नडगीबाहेरचा भाग दगडासारखा घट्ट होतो, पाऊल बधिर होते किंवा लुळे आपटू लागते, आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळे ओसरते. स्नायूंभोवतीचे न ताणले जाणारे वेष्टन आणि आतला वाढलेला दाब यांमुळे असे होते. त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. त्याची तपासणी वेगळी असते आणि उपचारही. पण पायाला मार लागल्यावर किंवा अतिश्रमानंतर अशी असह्य घट्टता आली आणि थांबूनही उतरली नाही, तर त्याच तासात रुग्णालय गाठावे.

तिसरी शक्यता वजनदार माणसाने कधीही विसरू नये. एकच पोटरी सुजली आहे, गरम आणि लालसर लागते आहे, आणि व्यायामाशी त्या दुखण्याचा फारसा संबंध दिसत नाही, अशा वेळी शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर ही शक्यता वाढते आणि स्थूलपणा हाही तिचा एक धोका आहे. अशी पोटरी चोळू नये, तिला मालीश करू नये, त्याच दिवशी दाखवावे. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर तासाभराचीही वाट पाहू नये.

मधुमेह असलेल्यांसाठी एक सूचना. पावलांची संवेदना कमी झालेली असेल तर दुखणे उशिरा कळते आणि बुटात खडा गेला तरी समजत नाही. त्यांनी पळणे सुरू करण्यापूर्वी पावले तपासून घ्यावीत आणि रोज पळून आल्यावर दिव्याच्या उजेडात तळवे पाहावेत.

दुखायला लागल्यावर पहिले पंधरा दिवस

वरच्यापैकी काहीही नसेल आणि दुखणे पट्ट्यातले असेल, तर पलंग धरण्याची गरज नसते. भार कमी करायचा असतो, तो शून्यावर आणायचा नसतो. कारण हाडाला थोडा भार मिळत राहिला तरच ते भरून येण्याचे काम नीट करते. मी पुढील मोजमाप वापरले आणि ते सोपे वाटले. दुखण्याला ० ते १० असे गुण द्यावेत. एखादी हालचाल करताना दुखणे २ च्या वर जात नसेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेले नसेल, तर ती हालचाल चालेल. सकाळचा तो पहिला पाय टेकवण्याचा क्षण फार प्रामाणिक असतो. पळताना शरीर गरम असते, सोबतीला मित्र असतात आणि दुखणे झाकले जाते. सकाळी ते झाकले जात नाही.

या निकषावर बहुतेकांना पळणे आणि उड्या बंद कराव्या लागतात, चालणे कमी-जास्त करून टिकवता येते आणि सायकल व पोहणे बिनधास्त करता येते. ज्यांना पोहता येत नाही, त्यांना छातीएवढ्या पाण्यात चालता येते. तेवढ्या पाण्यात शरीराचा बहुतेक भार पाणीच उचलते, आणि ९५ किलोच्या माणसाला आपला पाय इतका हलका असू शकतो हे तिथे पहिल्यांदा कळते. दमसास टिकवण्याची एवढी सोय असताना ‘सगळे वाया गेले’ असे म्हणायला जागा उरत नाही.

बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावल्याने ठणका कमी होतो. घरच्या वडीलधाऱ्यांनी आंबेहळदीचा लेप लावला तर तोही लावून घ्यावा, त्याने हानी नाही आणि मायेचा हात पायावरून फिरतो. फक्त लेपाने किंवा बर्फाने हाडाचे कॅलेंडर पुढे सरकत नाही, हे लक्षात ठेवावे. तेलाने पोटरीचे मांस हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, पण दुखऱ्या हाडाच्या कडेवर अंगठा रोवून रगडणे टाळावे. ‘गाठी फोडतो’ म्हणून तिथे जोर लावणारे लोक भेटतात. तिथे गाठ नसते, सुजलेले आवरण असते. आणि वेदनाशामक गोळी घेऊन पळायला जाणे ही चूक तर कोणीही करू नये. दुखणे हीच त्या हाडाची बोली आहे, ती गोळीने बंद केली तर चीर पडेपर्यंत काही कळणार नाही.

ओट्यापाशी उभे राहून

पोटरी बळकट असेल तर पाऊल आदळल्यावर हाडाचे वाकणे ती काही प्रमाणात सावरून धरते. पोटरी थकली की सगळे हाडावर येते. म्हणून दुखणे उतरणीला लागताच पोटरीचा व्यायाम सुरू करावा, आणि त्यासाठी स्वयंपाकघराचा ओटा ही उत्तम जागा आहे. दोन्ही हात ओट्यावर हलके टेकवावेत, गुडघे सरळ ठेवून दोन्ही चवड्यांवर उभे राहावे, दोन आकडे मोजत वर जावे आणि तीन आकडे मोजत सावकाश खाली यावे. दहा-बारा वेळा केल्यावर मिनिटभर थांबावे आणि असे तीनदा करावे. मग गुडघे थोडे वाकवून तेच करावे, कारण गुडघा वाकलेला असताना काम मुख्यतः सोलिअसवर पडते, आणि आपल्याला त्याचीच गरज असते. एक दिवसाआड केले तरी पुरते. पहिल्या आठवड्यात मी सातव्या उठण्यालाच थरथरत होतो. ज्या पोटरीने ९६ किलो रोज वाहिले, ती चवड्यावर उचलताना इतकी दुबळी निघेल असे वाटले नव्हते.

दोन्ही पायांवर सहज जमू लागले की वर जाताना दोन पाय, खाली येताना एक पाय, असे करावे आणि काही आठवड्यांनी पूर्ण एका पायावर यावे. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा उठता येणे हे पळणाऱ्यासाठी चांगले लक्ष्य आहे, पण वजनदार माणसाला तिथे पोहोचायला तीन महिने लागले तरी ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला भिंतीला पाठ टेकवून टाचा जमिनीवर ठेवत चवडे वर उचलावेत, आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलावा. कंबरेच्या बाजूचे स्नायू दुबळे असले की गुडघा आत पडतो, पाऊलही आत कलंडते आणि भार पुन्हा नडगीच्या आतल्या कडेवर जातो. पळण्याआधी उभ्या-उभ्या पोटरी ताणून ठेवल्याने हे दुखणे टळते असा समज आहे, पण जवानांवरच्या अभ्यासांत त्याचा फायदा दिसलेला नाही. त्यापेक्षा पाच-सात मिनिटे झपाझप चालणे जास्त कामाचे.

परत पळायला लागताना

सलग आठवडाभर रोज ३० ते ४० मिनिटे वेगाने चालूनही सकाळचा ठणका नाही, आणि अंगठ्याने कड दाबल्यावर फार तर थोडे हुळहुळते, इतके झाले की पळण्याचा विचार करावा. त्याआधी करू नये.

सुरुवात मिनिटाच्या हिशेबाने करावी, किलोमीटरच्या हिशेबाने नव्हे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने लोकप्रिय केलेल्या नवशिक्यांच्या ९ आठवड्यांच्या कार्यक्रमात पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळणे आणि ९० सेकंद चालणे असे आलटून पालटून २० मिनिटे करायला सांगितले आहे, तेही आठवड्यातून तीनच दिवस. रचना उत्तम आहे, पण जास्त वजनाच्या माणसाने एकेक आठवडा दोनदा किंवा तीनदा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ९ आठवड्यांचे २० झाले तर काहीही बिघडत नाही. डेन्मार्कमधल्या अभ्यासकांनी स्थूल नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात मिळून ३ किलोमीटरपेक्षा जास्त न पळण्याचा सल्ला दिलेला आहे. एका दिवसात नव्हे, संपूर्ण आठवड्यात मिळून. हा आकडा ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, माझाही झाला होता.

‘दर आठवड्याला १० टक्क्यांनीच वाढवा’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्यांवर हा नियम तपासला गेला, त्याचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि १० टक्क्यांच्या गटातही दुखापती सराव जास्त भराभर वाढवणाऱ्या दुसऱ्या गटाएवढ्याच झाल्याचे दिसले. याचा अर्थ भराभर वाढवावे असा घेऊ नये. सगळ्यांच्या हाडांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, म्हणून सकाळच्या ठणक्याकडे पाहूनच वाढवावे आणि सलग दोन दिवस पळू नये. वाढवताना आधी वेळ वाढवावी, वेग नंतर, आणि चढ-उतार सर्वांत शेवटी. विशेषतः उतारावर पळणे नडगीला फार जड जाते. बॅडमिंटन किंवा बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्यांनीही हाच विचार करावा. एका तासात मारलेल्या उड्या आणि झटक्याने घेतलेली वळणे आपण मोजत नाही, पण हाड मोजते. म्हणून सुरुवातीला दुहेरी खेळावे, वीस मिनिटे खेळावे आणि मधले दिवस मोकळे ठेवावेत.

पळण्याच्या पद्धतीत एकच बदल मी सुचवेन. पाऊल लांब टाकण्याऐवजी थोडे आखूड आणि थोडे भरभर टाकावे, म्हणजे मिनिटाला पडणारी पावले पाचेक टक्क्यांनी वाढतील. टाच शरीरापुढे लांब जाऊन आदळायची थांबते आणि दर पावलाचा भार उतरतो. आपल्या बुटांचा थपथप आवाज ऐकावा. तो कमी झाला की बदल जमला असे समजावे. टाचेऐवजी चवड्यावर पळण्याचा अट्टाहास मात्र या काळात करू नये, कारण त्याने पोटरीवर आणि पर्यायाने त्याच कडेवर ओढ वाढते.

बुटांवर लोक फार विश्वास टाकतात. तळव्याची कमान पाहून त्याप्रमाणे बूट दिल्याने दुखापती कमी होतात का, हे अमेरिकी सैन्यात तपासले गेले आणि फरक आढळला नाही. त्यामुळे दुकानातल्या पावलांच्या छापावर भरमसाट पैसे खर्च करण्याआधी पायात घालून दहा मिनिटे चालून पाहावे. जो बूट सुखद वाटतो, चवड्याशी आवळत नाही आणि टाचेत सुटत नाही, तो घ्यावा. धक्का शोषणारा मऊ आतला तळ काही जणांना उपयोगी पडतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बुटाच्या तळातला मऊ फोम दबतो, आणि वजनदार माणसाखाली तो आणखी लवकर दबतो, म्हणून वरून नवा दिसणारा बूटही तळाने म्हातारा झालेला असू शकतो.

जागा निवडता येत असेल तर सपाट, घट्ट मातीची निवडावी. सिमेंटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक यांपेक्षा मैदानाची कडेची पायवाट बरी; पुण्यात तळजईवर किंवा वेताळ टेकडीवर अशा वाटा आहेत, मात्र टेकडीचा चढ-उतार सुरुवातीला चालूनच करावा. रस्त्याच्या कडेने पळताना डांबर गटाराकडे उतरते आणि एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. रोज त्याच बाजूने पळणाऱ्याची पुष्कळदा एकच नडगी दुखते, त्याचे कारण तिथे सापडू शकते.

ताटाशी असलेला संबंध

५ किलो वजन उतरले तर पळताना दर पावलाला साडेबारा किलोच्या आसपास भार कमी होतो, म्हणून वजन उतरवण्याचा फायदा खराच आहे. पण पळणे आणि उपासमार एकदम सुरू करणाऱ्यांची हाडे दोन्हीकडून मार खातात. हाड भरण्यासाठी ऊर्जा, प्रथिने, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते. रात्रीचे जेवण सोडून पहाटे उपाशीपोटी पळणाऱ्या माणसाच्या शरीरात खोदकाम सुरू राहते आणि भरणीला माल येत नाही. स्त्रियांची पाळी या काळात लांबू लागली किंवा थांबली, तर तो हाडांसाठी धोक्याचा इशारा मानावा आणि डॉक्टरांना दाखवावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असते, म्हणजे दोन नाचणीच्या भाकरी, वाटीभर दही आणि दूध यांतून बरीच मजल मारता येते. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे इतके ऊन असूनही सर्रास आढळते, आणि स्थूल व्यक्तींच्या रक्तात त्याचे प्रमाण आणखी कमी असते. दुखणे पुन्हा पुन्हा येत असेल तर ही तपासणी करून घ्यावी, मनाने गोळ्या घेऊ नयेत.

‘आधी वजन कमी कर, मग पळ’ असे जवळची माणसे काळजीपोटीच सांगतात. पण ज्याला पळण्यात गोडी वाटू लागली आहे, त्याला वर्षभर थांबवून ठेवणे मला पटत नाही. दुखण्यानंतर मी पुन्हा सुरुवात केली ती एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे अशी, तळजईच्या सपाट वाटेवर, आठवड्यातून तीन सकाळी. सलग ५ किलोमीटर पळायला त्यापुढे सात महिने लागले. त्या दिवशी वजन ९१ किलो होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना नडग्या गप्प होत्या.